सातव्या कार्डावरचे कुंकू

सकाळी सव्वासहाला सुचेताने दाराच्या कडीला अडकवलेल्या पिशवीतून दुधाच्या दोन पिशव्या आत घेतल्या. एक फ्रीजमध्ये ठेवली, दुसरी कापून पातेल्यात ओतली. शेजारच्या शेगडीवर स्वतःसाठी आले घालून चहा टाकला आणि मधुकरसाठी फिल्टरमध्ये उकळते पाणी ओतले. अठरा वर्षे बंगळुरात राहून मधुकर पुरता कॉफीचा झाला होता. ती मात्र चहा सोडायला तयार नव्हती. दोडक्याची भाजी फोडणीला घालून तिने आठ पोळ्या लाटल्या, दोन डबे भरले. सव्वासातला मधुकर आपल्या सरकारी संशोधन संस्थेच्या बसने गेला. पावणेआठला तिने दाराला कुलूप लावले आणि सवयीप्रमाणे ते एकदा ओढून पाहिले.

हेब्बाळच्या उड्डाणपुलावर बस नेहमीसारखी वीस मिनिटे अडकली. खिडकीतून तळ्याचा एक तुकडा दिसत होता. आठ पस्तीसला ती टेक पार्कच्या फाटकाशी पोचली. तिच्या पुढे सात-आठ जण रांगेत उभे होते. सुरक्षारक्षक बाई प्रत्येकाच्या फोनच्या कॅमेऱ्यावर एक गोल पांढरा स्टिकर चिकटवीत होती. सुचेताने गळ्यातले हिरवे कार्ड दाखवले आणि फोन तसाच पर्समध्ये ठेवून ती पुढे गेली. प्रयोगशाळेत एखादा भाग जळला तर त्याचा फोटो काढून परदेशातल्या रचनाकारांना ताबडतोब पाठवावा लागे, म्हणून तिसऱ्या मजल्यावर कॅमेऱ्याची परवानगी फक्त तिला होती.

त्या प्रयोगशाळेला खिडक्या नव्हत्या. लांब टेबलावर काळ्या कापडाखाली सात ग्राफिक्स कार्डे होती. संगणकाच्या पडद्यावरचे प्रत्येक चित्र ज्याच्या जोरावर उमटते, त्या कार्डाची ही नवी पिढी. ती जानेवारीत बाजारात यायची होती. अडीच वर्षे लोक तिची वाट पाहत होते. तिच्या नावाने रोज नव्या अफवा उठत होत्या. लोकांनी जुनी कार्डे घेणे थांबवले होते. सुचेताची पुण्यातली भाची मुग्धा अॅनिमेशनचे काम करी, आणि तिनेही नव्या संगणकाची खरेदी दोन दिवाळ्या पुढे ढकलली होती. सुचेताला भेटली की ती एकच प्रश्न विचारी, आणि सुचेता एकच उत्तर देई : "मला माहीत नाही."

रोज सकाळी कापड उचलून कार्डे मोजायची आणि वहीत सही करायची, हे काम ती आणि रघुजी मिळून करीत. रघुजी हा कंत्राटावरचा तंत्रज्ञ. वय अठ्ठावन्न. त्याच्या घराण्याला बंगळुरात किती पिढ्या झाल्या हे त्यालाही सांगता येत नसे. घरी मराठी, बाहेर कन्नड, आणि दोन्हींच्या मधली एक तिसरीच भाषा तो सुचेताशी बोले. ती त्याला रघुजीअण्णा म्हणे. तो तिला, वयाने लहान असूनही, अक्का म्हणे.

"सात, अक्का."

"सात," म्हणून तिने सही केली.

सातव्या कार्डाच्या टोकाशी, संगणकाच्या पेटीला स्क्रूने बसवतात त्या पोलादी पट्टीवर, कुंकवाचा एक टिळा होता. बारा दिवसांपूर्वीच्या खंडेनवमीचा. बंगळुरात त्या दिवशी रिक्षापासून रुग्णालयातल्या यंत्रापर्यंत सगळ्यांची पूजा होते, आणि या प्रयोगशाळेतली पूजा रघुजीकडे होती. उष्णतेची पूर्ण चाचणी प्रथम पार केली म्हणून यंदा मान सातव्या कार्डाचा होता. झाकलेल्या हत्याराची पूजा होत नाही, असे रघुजी म्हणाला, आणि सुचेताने काळे कापड काढायला परवानगी दिली होती. त्याने मनगटाला स्थिर विजेपासून बचाव करणारा पट्टा बांधला आणि मगच कार्डाला हात लावला होता. "अण्णा, देवीलाही एक पट्टा बांधा," असे तिच्या गटातला ईशान म्हणाला होता. टिळा रघुजीने मुद्दाम पोलादी पट्टीवरच लावला. कुंकवाचा कणही कार्डाच्या सर्किटवर पडू दिला नाही. "बाजारात जाईपर्यंत हे पुसायचं नाही," असेही त्याने सगळ्यांना बजावले होते.

नऊ वाजून पाच मिनिटांनी ईशान तिच्या खोलीच्या दारात उभा राहिला. हा नागपूरचा मुलगा चार वर्षे तिच्या हाताखाली होता.

"मॅडम, एक दाखवायचंय. पण तुम्ही आधी बसा."

"बसायला सांगतोस म्हणजे काहीतरी जळलंय."

"जळलं असतं तर बरं होतं."

त्याने तिच्या संगणकावर एक संकेतस्थळ उघडले. पडद्यावर कार्डाचा फोटो होता. थोडा धूसर, कडा कातरलेला. पण तीन पंखे, वीज जोडायची जागा आणि टोकाची पट्टी स्पष्ट दिसत होती. पट्टीवर एक लाल ठिपका होता. खाली चारशेच्या वर प्रतिक्रिया होत्या. एकाच्या मते तो ठिपका नापास नमुन्याची खूण होता. दुसऱ्याने तीन परिच्छेद लिहून तो उष्णता मोजण्याचा रासायनिक रंग असल्याचे सिद्ध केले होते.

"अण्णांचं बोट जगप्रसिद्ध झालं," ईशान म्हणाला, पण हसला नाही.

सुचेताला प्रथम जाणवली ती एक विचित्र लाज. जणू कोणी तिच्या स्वयंपाकघराचा फोटो चौकात लावला होता. मग तिने ईशानकडे पाहिले. हा मुलगा ही संकेतस्थळे रोज वाचतो. त्याला हे इतक्या लवकर कसे कळले? क्षणभरच तो विचार आला, पण ईशानला तो दिसला असावा.

"माझ्या फोनला स्टिकर असतो, मॅडम," तो म्हणाला. "रोज."

अकरा वाजता सुरक्षा विभागाची हर्षिता वर आली. ती बेळगावची, मराठी सहज बोले. तिने दार लावून घेतले आणि कागद समोर ठेवला. पूजेच्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर आलेल्या नऊ जणांची ती यादी होती.

"असा टिळा लावलेलं कार्ड जगात एकच आहे ना?"

"एकच."

"म्हणजे शोध या नऊ जणांतच. तुमचा प्रश्नच नाही, म्हणजे आठ." तिने यादीतल्या पहिल्या नावावर काट मारली. "पूजेनंतर सगळे कडले पुरीचे चुरमुरे-डाळे आणि पेढे घ्यायला कँटीनमध्ये गेले. बारा वाजून पाच ते बारा वीस, आत फक्त रघुजी होता. दाराच्या नोंदीत आहे."

"तो टेबल पुसत होता. कार्डं झाकायची होती."

"असेल. त्याचा जावई काय करतो माहितीय?"

"एस. पी. रोडवर दुकान आहे. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं."

"हं." हर्षिताने ते लिहिले. "त्याने कधी कार्डाबद्दल काही विचारलं? नेहमीच्या कामाबाहेरचं?"

सुचेताला आठवत होते. महिन्यापूर्वी कँटीनमध्ये ताकाचा पेला हातात घेऊन रघुजी म्हणाला होता, "अक्का, हे बाजारात नक्की कधी येतंय? जावई विचारतोय." ती हसली होती आणि तिने नेहमीचेच उत्तर दिले होते. आता त्या वाक्याचा रंग बदलला. जावई का विचारतो? आणि बारा दिवस तो रोज सकाळी तिच्यासमोर उभा राहून "सात, अक्का" म्हणत होता, त्या आवाजात काही वेगळे होते का? शोधू लागली तर सापडेल असे तिला वाटले, आणि सापडलेही.

"विचारलं होतं," ती म्हणाली. "बाजारात कधी येणार म्हणून."

हर्षिताने तेही लिहिले.

साडेबाराला रघुजीला खाली बोलावले. पाऊण तासाने तो डबा घ्यायला वर आला, तेव्हा त्याच्याबरोबर एक सुरक्षारक्षक होता. गळ्यातला पास काढून घेतलेला होता. फीत तेवढी राहिली होती.

"चौकशी होईपर्यंत येऊ नको म्हणाले," तो सुचेताला म्हणाला. "सरी, ठीक हाय. चौकशी होऊ दे की."

"अण्णा, तुमचा फोन..."

"माझा फोन तुम्हाला ठाऊकच हाय, अक्का. स्टिकर मी घरी पण काढत नाही, काढला तर मागं डिंक राहतो. त्यांनी बघितलं. डिंक नव्हता. मग म्हणाले, दुसरा फोन असंल." त्याने टेबलाखालून डबा काढला. "तुम्ही सांगितलं म्हणे, मी तारीख विचारली होती."

तिने मान डोलावली. त्याने तिच्याकडे रागाने पाहिले नाही, आणि तेच तिला जड गेले.

"विचारली होती की," तो म्हणाला. "खरंच हाय ते." मग टेबलाकडे बोट दाखवून म्हणाला, "तीनला सातवं गरम चाचणीला लावायचंय. पट्टा बांधूनच उचला."

तो गेल्यावर ईशान तिच्या खोलीत आला.

"कंत्राटवाल्या एजन्सीचा माणूस म्हणत होता, बोम्मसंद्रात एखाद्या कारखान्यात लावून देतील त्यांना. म्हणजे अगदीच वाईट नाही."

"अठ्ठावन्नाव्या वर्षी? इथून बोम्मसंद्रा म्हणजे दोन बस बदलून दोन तास. आणि चोर म्हणून काढलेल्या माणसाला कोण लावून घेतं?"

"पण मॅडम, तुम्हालाही तर वाटतंय ना त्यांनीच..."

"मला काय वाटतं ते मला माहीत नाही," ती म्हणाली. हे उत्तर तिने आयुष्यात हजार वेळा दिले होते, पण खऱ्या अर्थाने आजच.

तीन वाजता तिने मनगटाला पट्टा बांधला आणि कापड उचलले. सातवे कार्ड दिव्याखाली धरले. पट्टीवरचा टिळा वाळून तपकिरी झाला होता. त्यात काहीतरी चिकटलेले होते. तिने भिंग ओढून घेतले. तांदळाचे दोन दाणे, हळद लावलेले. अक्षता. कुंकू ओले असताना टाकलेल्या, त्यातच रुतून वाळलेल्या.

तिने कार्ड जागेवर बसवले, चाचणी सुरू केली, आणि खोलीत जाऊन पुन्हा ते संकेतस्थळ उघडले. फोटो मोठा केला. टिळा लालभडक होता, ओला होता, आणि त्यात काहीही नव्हते. दाणे नव्हते.

पूजेचा क्रम तिच्या डोळ्यांपुढे उभा होता. रघुजीने टिळा लावला. मग फूल घ्यायला वळला. फूल वाहिले, मग म्हणाला, "अक्का, स्वल्प थांबा, अक्षता ऱ्हायल्यात," आणि मग अक्षता टाकल्या. म्हणजे फोटो निघाला तो टिळा आणि अक्षता यांच्या मधल्या त्या एखाद-दोन मिनिटांत. तेव्हा खोलीत रघुजी एकटा नव्हता. नऊच्या नऊ जण होते, आणि रघुजीचे दोन्ही हात कामात होते. आठ फोनांच्या कॅमेऱ्यांवर स्टिकर होते.

तिने पर्समधून स्वतःचा फोन काढला तेव्हा तिला उत्तर कळलेले होते. तरी तिने पाहिले. खंडेनवमी, अकरा वाजून बेचाळीस मिनिटे. फोटोच्या मध्यभागी देवीची तसबीर, समोर कुंकू भरलेला कोहळा, झेंडूची माळ, समईची ज्योत. आणि उजव्या कोपऱ्यात, झेंडूच्या मागे, तीन पंखे आणि एक लाल ठिपका. चौकट जमवताना तिने ज्योत विझू नये एवढेच पाहिले होते. दुपारी दीड वाजता, जेवणाच्या सुटीत, तिने तो फोटो माहेरच्या चौदा जणांच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिले होते : खंडेनवमीच्या शुभेच्छा. आमच्याकडची पूजा. तेरा नमस्कार आले होते.

साडेपाचला ती बाहेर पडली आणि बसथांब्याच्या पुढे, वाहनांचा आवाज जरा कमी होतो तिथे उभी राहून तिने पुण्याला फोन लावला.

"आत्या! आज कशी काय आठवण?"

"मुग्धा, खंडेनवमीचा माझा फोटो तू कुणाला पाठवलास?"

"कुठला फोटो?"

"तुला माहितीय कुठला."

"आत्या, मी फक्त आमच्या ग्रुपवर टाकला. सहा जण आहोत गं आम्ही. सगळे कामातले. कोपरा कापून टाकला, तुझं नाव नाही, देवी नाही, काही नाही. मला काय माहीत त्यातलं कुणी..." तिचा आवाज बारीक झाला. "मी काल पाहिलं ते साइटवर. तुला फोन करणार होते."

"पण केला नाहीस."

"तू रागावशील म्हणून. आणि म्हटलं, टिळ्यावरून कुणाला काय कळणार आहे! लोक तर म्हणतायत ते केमिकल आहे." ती हसायला गेली आणि थांबली. "आत्या, दोन वर्षं मी त्या कार्डाची वाट बघतेय. एका शॉटला माझ्या मशीनला अकरा तास लागतात. तू कधी एक शब्द बोलत नाहीस. आणि मग तूच फोटो पाठवलास. मला वाटलं, तू मुद्दाम कोपऱ्यात ठेवलंस. मला दिसावं म्हणून."

सुचेताला मुग्धाचा राग यायला हवा होता. तो आला, पण टिकला नाही.

"एका माणसाचा पास काढून घेतलाय आज," ती म्हणाली.

"माझं नाव सांगणार आहेस? आत्या, माझं काम जाईल गं. एक स्टुडिओ नुकताच मिळालाय."

"मी काय सांगायचं ते मी बघते. तू तुझ्या त्या सहा जणांना काहीही विचारू नकोस, काहीही पुसू नकोस."

घरी मधुकर तिच्या आधी आला होता. जेवताना तिने त्याला सगळे सांगितले. त्याने घास तसाच ताटात ठेवला.

"आमच्याकडे फाटकाच्या आत फोनच नेऊ देत नाहीत," तो म्हणाला. "त्या हर्षिताला हे कळलंय का?"

"नाही. माझ्या नावावर तिने सगळ्यांत आधी काट मारली."

"मग आठवडाभर थांबून बघ. जानेवारी जवळ आली आहे. कार्ड बाहेर आलं की कुणाला त्या फोटोचं काही राहणार नाही."

"आणि रघुजीअण्णांचं?"

मधुकरने ताटाकडे पाहिले. "मी तुझा विचार करतोय," तो म्हणाला. "गैर नाही ना ते?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दूध आत घेतले, चहा टाकला, फिल्टरमध्ये पाणी ओतले. भाजी केली नाही. पोळ्यांबरोबर लोणचे बांधले. स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभी राहून तिने एका कोऱ्या कागदावर लिहायला घेतले. मधुकर कॉफी पीत होता. त्याने तिला चांगले चालणारे पेन आणून दिले.

तिने लिहिले की संकेतस्थळावरचा फोटो तिने स्वतः खंडेनवमीला अकरा बेचाळीसला काढला. त्यात अक्षता नाहीत हा त्याचा पुरावा, आणि मूळ फोटो तिच्या फोनमध्ये आहे. कार्डावरचे कापड काढायची परवानगीही तिनेच दिली होती. फोटो तिने घरच्या ग्रुपवर टाकला. तिथून एका नातेवाईक व्यक्तीकडून तो बाहेर गेला. त्या व्यक्तीचे नाव विचारल्यास ती सांगेल, पण चूक तिची स्वतःची समजावी. मग ती थांबली. पुढचे वाक्य तिला सगळ्यांत कठीण वाटले. ते तिने एकदा लिहून खोडले आणि पुन्हा तसेच लिहिले : "कार्ड बाजारात कधी येणार हा प्रश्न या वर्षात मला अनेकांनी विचारला, त्यांत माझे नातेवाईक आणि या इमारतीतले अधिकारीही होते. मी चौकशीत फक्त रघुजींचे नाव सांगितले."

बस उड्डाणपुलावर वीस मिनिटे अडकली. आठ पस्तीसला ती फाटकाशी पोचली आणि प्रथम तळमजल्यावरच्या सुरक्षा विभागात गेली. हर्षिता नुकतीच आली होती. तिने अजून पर्सही खाली ठेवली नव्हती. सुचेताने कागद तिच्या टेबलावर ठेवला. त्यावर गळ्यातले हिरवे कार्ड ठेवले.

हर्षिताने उभ्या उभ्याच वाचले. दुसऱ्यांदा वाचताना ती खाली बसली.

"हे तुम्ही काल बोलला असता तर..."

"काल तीनपर्यंत मला माहीत नव्हतं."

"आणि तीननंतर?"

"नंतर माहीत होतं," सुचेता म्हणाली.

हर्षिताने कागद खाली ठेवला. "हे वरपर्यंत जाणार, मॅडम. आज बहुतेक तुम्हाला वर जाऊ देणार नाहीत. फोनही लागेल."

"मी बाहेर बाकावर बसते. रघुजींचा पास मात्र आधी बघा."

बाकाकडे जाण्यापूर्वी ती फाटकाशी परत गेली. रांगेत सहा जण होते. ती सातवी उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा सुरक्षारक्षक बाईने सवयीने हात करून तिला पुढे जायला सांगितले.

"नाही," सुचेता म्हणाली आणि फोन उलटा करून तिच्यासमोर धरला.

बाईने तिच्याकडे एकदा पाहिले, गुंडाळीवरून एक गोल पांढरा स्टिकर सोडवला आणि कॅमेऱ्यावर अंगठ्याने दाबून बसवला.